आरोपीला वकील कशाला?



गुन्हा सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिला, मग गुन्हेगाराला वकील कशाला? टीव्हीसमोर बसून हा प्रश्न आपण सगळेच विचारतो. आज त्यावर थोडं चिंतन.

कसाबचंच घ्या. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात मुंबईत १६६ माणसं गेली. बंदूक घेतलेला त्याचा फोटो साऱ्या जगाने पाहिला होता. तरी आर्थर रोड तुरुंगात विशेष न्यायालय बसलं. सरकारतर्फे उज्ज्वल निकम, समोर कोर्टानेच कसाबला दिलेला वकील, मधे न्यायाधीश टहलियानी. साक्षी झाल्या, उलटतपासण्या झाल्या. ३ मे २०१० ला तो दोषी ठरला. शिक्षा किती, यावर पुन्हा वेगळं ऐकून घेतलं आणि ६ मे रोजी फाशी सुनावली.

पण त्याच खटल्यात आणखी दोन आरोपी होते, दोघेही भारतीय. हल्ल्यासाठी नकाशे पुरवल्याचा आरोप. मेलेल्या अतिरेक्याच्या खिशात नकाशा सापडला म्हणे. कपडे रक्ताने भिजलेले, मग नकाशा कोरा कसा? बचावाने नेमकं इथे बोट ठेवलं. दोघेही सुटले, आणि पुढे सुप्रीम कोर्टानेही ते मान्य केलं. त्यातल्या एकाचे वकील शाहिद आझमी. निकाल ऐकायला ते उरले नाहीत. फेब्रुवारी २०१० मध्ये त्यांच्याच ऑफिसात त्यांना गोळ्या घातल्या गेल्या.

कुणी म्हणेल, ज्यांची माणसं गेली त्यांनी वाट तरी किती पाहायची? फाशी व्हायला नोव्हेंबर २०१२ उजाडला. ते दुःख खरंच आहे, त्याला उत्तर नाही. पण रागाच्या भरात त्याच दिवशी निवाडा केला असता, तर एकाबरोबर आणखी दोघे गेले असते. वकील पापाची बाजू घेत नाही, पुरावा पारखून घेतो.

आता आपलं घर बघू या. डब्यातले पैसे दिसेनात की संशय पहिला कामवाल्या बाईवर. आरोप करणारे आपण, साक्षीदार आपण, न्यायाधीशही आपणच. तिच्या बाजूने बोलायला कोण? ग्रुपवर "हा चोर आहे, पुढे पाठवा" असा फोटो येतो, तेव्हाही तेच होतं.

सद्गुरूंची कृपा आपण आपले दोष पोटात घालून घ्यायला मागतो. मग दुसऱ्याला निदान "तुझं काय म्हणणं आहे?" एवढं तरी विचारू या. या आठवड्याची साधना एवढीच.

॥ श्रीगुरुचरणार्पणमस्तु ॥