ज्यांना पोहता येत नव्हते



लॅटिन भाषेत पोहण्याला ‘नातारे’ म्हणतात. स्पॅनिश व पोर्तुगीजमध्ये त्याचे ‘नादार’ झाले, इटालियनमध्ये ‘नुओतारे’. फ्रेंचांचा ‘नाजे’ मात्र जहाज हाकण्याच्या लॅटिन शब्दातून आला. आपले ‘स्नान’ आणि ‘नातारे’ एकाच प्राचीन धातूची लेकरे आहेत, असे भाषाशास्त्र सांगते. म्हणजे ‘स्नानसंस्कार’ म्हणताना आपण त्याच कुळातला शब्द उच्चारतो. शिवाय ‘नातारे’ हे रूप पुनःपुन्हा करण्याचा अर्थ दाखवणाऱ्या प्रत्ययाने बनले आहे. स्नानसंस्कार एकदाच होतो, पोहणे रोजचे.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय 27 मध्ये लॅटिन बायबलात हाच शब्द येतो. संत पौल कैदी म्हणून रोमला निघाले होते. माल्टा बेटापाशी जहाज फुटले. जहाजावर 276 माणसे होती. कैदी पोहून पळतील या भीतीने शिपाई त्यांना ठार मारायला निघाले. शताधिपतीने पौलासाठी त्यांना अडवले. ज्यांना पोहता येते त्यांनी आधी उड्या टाकाव्यात, बाकीच्यांनी फळ्या व जहाजाचे तुकडे धरून यावे, असा त्याने हुकूम दिला. सगळे किनाऱ्याला लागले. पोहता न येणारा एकही बुडाला नाही.

आपल्या नागपूरने हे पाहिले आहे. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अतिवृष्टीने अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घराघरांत शिरली. मूकबधिर शाळेतील मुलांनाही बचाव पथकाने बाहेर काढले. ज्यांना हाक मारता येत नाही, त्यांच्यापर्यंत कोणीतरी स्वतःहून जावे लागते.

आपल्या धर्मग्रामातही कोणी कर्जात, कोणी दारूत, कोणी एकटेपणात गटांगळ्या खात आहे. त्यांना पोहण्याचे धडे देत काठावर उभे राहणे सोपे असते. त्यांना फळी हवी असते. आणि पौलाच्या सोबत्यांना तारणाऱ्या फळ्या फुटक्या जहाजाच्याच होत्या. आपले मोडके संसार, आपली भोगलेली दुःखेही दुसऱ्याच्या हाती आधार म्हणून देता येतात.

या आठवड्यात मिस्साला न दिसणाऱ्या एका तरी कुटुंबाचे दार आपण ठोठावू या.

हे प्रभो, बुडणाऱ्या पेत्राला तू हात दिलास. आमचेही हात तुझ्या कामी लाव. आमेन.