आप्पांची विलायती बंदूक

कॅल्गरीला असलेला आमचा भाचा दर रविवारी फोन करतो. पहिली पाच मिनिटं तिथली थंडी, पुढची पाच मिनिटं इथला उकाडा, आणि दोन्ही हवामानं संपली की गाडी शेजाऱ्यांवर येते. परवा म्हणाला, "मामा, आमचा शेजारी फार वैतागलाय. इटलीची बंदूक मागवून सात महिने झाले, अजून पत्ता नाही. दुकानदार म्हणतो, कारखान्यातून माल सुटत नाही, आणि सुटला तर कागदांत अडकतो."

"कशाला हवी आहे त्याला बंदूक?"

"बदकं मारायला. आता बदकांचा हंगामसुद्धा संपत आला."

भाच्याच्या आवाजात शेजाऱ्याविषयी फार हळहळ होती. बदकांची बाजू घ्यायला फोनवर कोणीच नव्हतं. पण मला हसू आलं ते 'सात महिने' या शब्दांचं. आमच्या घरात एका बंदुकीची वाट नऊ वर्षं पाहिली गेली आहे. ती बंदूक शेवटपर्यंत आली नाही. का आली नाही, हे मला एकट्याला ठाऊक होतं.

बंदूक आमच्या आप्पांची. आप्पा म्हणजे माझे थोरले काका. पनवेलात आमचं जुनं घर, आणि डोंगराच्या अंगाला भाताची थोडी जमीन. तिथे रानडुकरं यायची. आमच्या भाताचा पहिला नैवेद्य त्यांना, उरलं तर आम्हांला, असा रिवाज पडला होता. १९७५ साली आप्पांनी ठरवलं की आता बंदूक घ्यायची. कायद्याची त्यांना आधीच आवड. त्यांनी १९५९ चा शस्त्र कायदा आणून वाचला, आणि त्यात पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख पाहून त्यांचा अपमान झाला. ठासणीची बंदूक म्हणजे आधी दारू भरा, मग गज घालून ठासा, तोवर डुकरानं काय हातावर हात ठेवून बसायचं? आप्पांना हवी होती बारा बोअरची, दुनळी, आणि विलायती. बर्मिंगहॅमची. वेब्ली अँड स्कॉट नाहीतर ग्रीनर. मुंगेरच्या किंवा ईशापूरच्या बंदुकीचं नाव काढलं की आप्पा आंबट ताक प्यायल्यासारखा चेहरा करीत. एरवी माणूस पक्का खादीवाला, पण डुकराला मारायचं ते इंग्रजानंच.

परवाना मिळायला तीन वर्षं लागली. चौकशीला आलेल्या हवालदारानं विचारलं, "जिवाला धोका कोणाकडून?" आप्पांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "डुकरांकडून." हवालदारानं वही मिटली. तो बहुधा स्वतःवर घेऊन गेला असावा.

पण परवाना मिळणं म्हणजे बंदूक मिळणं नव्हे. परवान्यावर हत्यार घ्यायची मुदत असते, ती टळली की वाढवून घ्यावी लागते. आणि विलायती बंदूक तर बाजारात नव्हतीच. परकीय चलनाची टंचाई, आयातीवर बंधनं. परदेशातून कायमचं परत येणारा एखादा सामानात घेऊन येई, किंवा एखाद्या संस्थानिकाच्या, शिकारी पारशाच्या मागे त्याचे वारस विकायला काढीत, तेवढीच. ऐंशीच्या दशकाच्या मध्यानंतर तर साध्या परवानेदाराला आयात बंदच झाली. पुढे नेमबाज खेळाडूंना तेवढी सवलत राहिली. म्हणून तर तेव्हाच्या जुन्या बंदुका आज लाखांनी विकल्या जातात.

तुम्ही म्हणाल, त्या काळी कशाला रांग नव्हती? खरं आहे. बजाज स्कूटर नोंदवलेली असे ती मुलीच्या लग्नाच्या हिशेबानं, आणि ती यायची नातवाच्या बारशाला. टेलिफोनचा अर्ज वडिलांनी करायचा आणि तो मुलानं उचलायचा. त्यामुळे आमच्या घरात बंदुकीची वाट पाहण्यात कोणालाच वावगं वाटलं नाही. आप्पांनी माजघराच्या भिंतीत दोन सागवानी खुंट्या ठोकून घेतल्या. माप घेऊन, तिरप्या, बंदूक आडवी नीट बसेल अशा. खुंट्या तयार, बंदूक यायची. मग कोकणातल्या घरात रिकामी खुंटी टिकत नाही या नियमानं काकूनं तिथे छत्री ठेवायला सुरुवात केली.

मुदत वाढवायला आप्पा अलिबागला जात, आणि मला हमाल म्हणून नेत. माझी नोकरी तेव्हा नुकतीच लागली होती, म्हणजे माझी रजा आप्पांच्या मालकीची होती. एस.टी. पळस्प्यावरून शिरढोणला आली की आप्पा खिडकीतून हात जोडीत. शिरढोण हे वासुदेव बळवंत फडक्यांचं जन्मगाव. पुढे कर्नाळ्याचा सुळका दिसला की सांगत, "याच किल्ल्याचे किल्लेदार होते त्यांचे आजोबा." आणि मग पेणपर्यंत व्याख्यान. १८७८ साली लिटनसाहेबानं शस्त्र कायदा आणला. देशी माणसाला परवान्याची सक्ती, गोऱ्याला मोकळीक. त्याच्या दुसऱ्याच वर्षी फडक्यांनी बंड केलं. माणसं आणि हत्यारं जमवायला पैसा हवा, सावकार देईनात, तेव्हा दरोडे घातले. १८७९ च्या मे महिन्यात आमच्या या पळस्प्यावरच त्यांच्या माणसांचा दरोडा पडला. "आणि बंडाची ठिणगी कशानं पडली माहीत आहे?" आप्पा विचारीत. मला माहीत असे, पण तिकिटाचे पैसे त्यांनी दिलेले असत. "आई आजारी होती. साहेबानं रजा वेळेवर दिली नाही. पोचले तेव्हा आई गेलेली. एका उशिरानं माणूस बंडखोर झाला!"

वडखळला बस थांबली की आप्पा शांत होत, कारण पुढे कचेरी होती आणि तिथे त्यांना स्वतःच्या उशिरावर सही घ्यायची होती.

आता मुख्य गोष्ट. १९८३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या एका बंदूकवाल्याचं कार्ड आलं. एक ग्रीनर विक्रीला आली आहे, उत्तम स्थितीत, हवी असल्यास उलट टपाली कळवा, चार दिवस ठेवतो. आप्पांनी ते कार्ड देवापुढे ठेवलं. रात्री बसून होकाराचं पत्र लिहिलं, तीनदा फाडून चौथ्यांदा, आणि सकाळी माझ्या हातात दिलं. "जाताना टाक. विसरू नकोस."

मी ते रेनकोटाच्या खिशात घातलं. आणि त्या दिवशी ठाणा नाक्यावर पोचेपर्यंत पाऊस थांबला. नुसता थांबला नाही, पनवेलचा पाऊस ऑगस्टात कधी देत नाही अशी दहा दिवसांची उघडीप त्यानं दिली. रेनकोट दाराआड लटकत राहिला. अकराव्या दिवशी सर आली, कोट अंगात घातला, खिशात हात गेला, आणि माझ्या पोटात खड्डा पडला. तेव्हा मी ते पत्र टाकलं, ही माझी नीतिमत्ता. आणि कोणाला बोललो नाही, हीही माझीच. दुकानदाराचं उत्तर आलं, पत्र मिळण्याआधीच बंदूक विकली गेली, दिलगीर आहोत. आप्पा टपालखात्याला दोन दिवस बोलत होते. मी मान डोलवत होतो.

पुढच्या महिन्यात गणपती. नानाकाका, आप्पांचे धाकटे बंधू, बिऱ्हाडासकट आलेले. आरती झाली, मोदक झाले, आणि विषय निघाला फणसाचा. सिडको १९७० साली निघाल्यापासून आमच्याकडच्या घराघरांत भूसंपादन हा पाहुण्यासारखा येऊन बसलेला विषय. आमच्या त्या तुकड्याला नोटीस आली होती. जमिनीचा मोबदला वाटून ठरलेला. पण बांधावर एक फणस होता, आणि संपादनात झाडांचे पैसे वेगळे मोजतात. फणस आप्पांच्या बाजूला की नानांच्या? वीस वर्षं त्याचे गरे दोन्ही घरं खात आली, तेव्हा हा प्रश्न कोणाला पडला नव्हता. आवाज चढले. नाना म्हणाले, "आप्पा, तू दादांच्या आजारपणाचा हिशेबही असाच दिला होतास."

दादा म्हणजे माझे आजोबा. त्यानंतर आप्पांचा जो चेहरा मी पाहिला, तो पुन्हा पाहायची माझी इच्छा नाही. ते बोलले नाहीत. ताडकन उठले, माजघरात गेले, आणि त्यांचे दोन्ही हात सरळ त्या खुंट्यांकडे गेले. न बघता. पाच वर्षं मनात तिथे बंदूक टांगलेलीच होती ना. बाहेर आले ते हातात छत्री घेऊन.

कोणी हसलं नाही. आप्पांनी छत्रीकडे पाहिलं, मग नानांकडे. काकू इतकंच म्हणाली, "अहो, घरात उघडू नका." आप्पा पायऱ्या उतरून भर पावसात निघून गेले. तासाभरानं आले ते नखशिखान्त भिजून. छत्री मिटलेलीच होती.

तेव्हापासून हा प्रश्न मला छळतो. त्या रात्री आप्पांनी भावाला मारलं नाही, हे पुण्य कोणाच्या खात्यावर? आप्पांच्या म्हणावं, तर त्यांनी हात घातला होता. हातात काय येणार हे त्यांच्या संयमानं ठरवलं नव्हतं. रेशनवर साखर आली नाही म्हणून मधुमेह टळला, तर त्याला पथ्य म्हणायचं का? सरकारच्या खात्यावर टाकावं, तर सरकारचा हेतू परकीय चलन वाचवायचा होता, नानाकाका वाचवायचा नव्हता. उरलो मी. माझं भांडवल काय, तर विसराळूपणा आणि वर एक लबाडी. चित्रगुप्तानं ही नोंद कुठल्या सदरात करायची?

कॅनडात पहिल्यांदा बंदुकीचा परवाना मागणाऱ्याला निदान अठ्ठावीस दिवस थांबवतात, असा तिथला नियमच आहे. मला तो फार शहाणपणाचा वाटतो. आमच्या आप्पांचा राग एका तासात उतरला. अठ्ठावीस दिवसांत तर आमच्या घराण्यातला कुठलाही राग लग्नाच्या आमंत्रणापर्यंत येतो. २०२२ साली तिथे पिस्तुलांची खरेदी-विक्रीच गोठवली, तेव्हा भाच्याच्या शेजाऱ्यानं म्हणे स्वातंत्र्यावर मोठं भाषण दिलं. ते ऐकून मला हसू यायला हवं होतं, पण शिरढोणच्या फाट्यावर हात जोडणारे आप्पा आठवले. खुद्द गांधीजींनीही १९१८ मध्ये सैन्यभरतीच्या पत्रकात त्या शस्त्र कायद्याला इंग्रजांच्या दुष्कृत्यांतलं सर्वांत काळं ठरवलं होतं. तेव्हा हत्यार उशिरा मिळणं नेहमीच चांगलं, असंही मला म्हणता येत नाही. रांगेत कोण उभा आहे, आणि रांगेबाहेर कोण, हेही बघावं लागतं.

ते बघायची वेळ फार लवकर आली. १९८४ च्या जानेवारीत उरण तालुक्यात जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले, आणि पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. आमच्यापासून काही कोसांवर. जे भांडण आमच्या घरात फणसावरून झालं, तेच तिथे हजारोंचं होतं. त्या बंदुकांना ना मुदतवाढ लागली होती, ना उलट टपाल. आप्पांनी वर्तमानपत्र वाचून घडी घातली आणि दिवसभर ते ओटीवर बसून राहिले. मार्चमध्ये परवान्याची मुदत संपत होती. मी रजेचं विचारलं. म्हणाले, "नको. डुकरांची जमीनच गेली, आता बंदूक कशाला?" कारण बिनतोड होतं. मी पुढे विचारलं नाही.

नाना आणि आप्पा चार वर्षं बोलले नाहीत. पाचव्या वर्षी नानांच्या मुलीच्या लग्नात आप्पा आहेराची पाकिटं मोजत बसले होते, तेव्हा समजलं की मिटलं. फणसाचे पैसे, जे काही आले, ते कोर्टाच्या चकरांत गेले. आता तिथे सात मजली इमारत आहे. वेब्ली अँड स्कॉटचं नाव असलेलं रिव्हॉल्व्हर हल्ली उत्तर प्रदेशात तयार होतं. आप्पा असते तर पुन्हा ते ताक प्यायल्यासारखं तोंड केलं असतं.

आप्पांना मी कधीच सांगितलं नाही. नानाकाकांना सांगितलं, त्यांची नव्वदी झाली त्या दिवशी. रेनकोट, अकरा दिवस, सगळं. ते बराच वेळ गप्प राहिले. मला वाटलं, आता डोळ्यांत पाणी येणार, आणि माझ्या लबाडीचं चीज होणार.

नाना म्हणाले, "आप्पाचा नेम फार वाईट होता रे. लहानपणी दगड मारायचा कैरीला आणि लागायचा गुरुजींच्या कौलाला."

मग थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "ती छत्री कुठाय?"