मुंबईची एकोणचाळीस मिनिटे

तास हा शब्द मुळात भांड्याचा. फारसीत तास म्हणजे वाटी, पेला. मराठीत तो वेळ सांगण्यासाठी ठोकायच्या थाळीला लागला आणि पुढे साठ मिनिटांना चिकटला. घड्याळ या शब्दाच्या पोटातही घटी, म्हणजे लहानसा घट, बसलेला आहे. म्हणूनच मराठीत घटका ‘भरते’. आजी गेली तेव्हा घरातली मोठी माणसे म्हणाली, तिची घटका भरली होती. भरते ते काय, हे मला कितीतरी वर्षांनी घटिकापात्र पाहिले तेव्हा कळले.

तांब्याची अर्धगोल वाटी, तळाला बारीक भोक. रुंद तोंडाच्या भांड्यात पाणी घेऊन ती अलगद सोडायची. भोकातून पाणी आत चढत जाते आणि चोवीस मिनिटांनी वाटी भरून बुडते. ही झाली एक घटका. अहोरात्रीच्या साठ घटका, घटकेची साठ पळे, पळाची साठ विपळे. लग्नात अक्षता कधी पडायच्या हे याच वाटीवर ठरे.

पण वाटी फक्त मोजते. कुठून मोजायचे ते तिला ठाऊक नसते. ते सूर्य सांगे. क्षितिजावर बिंब अर्धे वर आले की पहिली वाटी पाण्यात सोडायची. म्हणजे ज्या त्या गावाचे शून्य त्या त्या गावाच्या क्षितिजावर. नागपुरात सूर्य पुण्याच्या आधी वीसेक मिनिटे माथ्यावर येतो. त्याचे कुणाला काही वाटत नसे, कारण ही तफावत जाणवावी इतक्या वेगाने कुणी एका गावाहून दुसऱ्या गावी जातच नव्हते. कालमापनाचा इतिहास सांगताना आपण चाकांचे, लंबकांचे, स्प्रिंगांचे कौतुक करतो. माझ्या मते खरी उलथापालथ झाली ती शून्य जागचे हलले तेव्हा.

लीलावतीची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ ग्रंथाचे फारसी भाषांतर फैजीने १५८७ साली केले, त्यात ती आहे. मुलीच्या लग्नाचा मुहूर्त साधायला बापाने वाटी पाण्यात सोडली. कुतूहलाने वाकून पाहणाऱ्या मुलीच्या पोशाखातला एक मोती वाटीत पडला, भोक बुजले, वाटी भरेचना, आणि मुहूर्त टळून गेला. गोष्ट खरी असो वा नसो, ती रचणाऱ्याला एक गोष्ट स्पष्ट दिसत होती. वाटी थांबली तरी वेळ थांबली नाही. यंत्र वेगळे आणि वेळ वेगळी. मनगटावरच्या आकड्यालाच वेळ म्हणणाऱ्या आपल्याला हा भेद मुद्दाम आठवावा लागतो.

वाटीवरून ठोके, आणि ठोक्यांवरून गावाला वेळ, ही पुढची पायरी. बाबराने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानातल्या ठोकेकऱ्यांचे वर्णन केले आहे. घटकांचे ठोके पडत, पण प्रहर कोणता ते प्रहर संपतानाच कळे. रात्री जाग आलेल्या माणसाने नुसते तीन-चार ठोके ऐकून काय समजावे? म्हणून घटकांच्या ठोक्यांमागून प्रहराचेही ठोके द्यायचा हुकूम बाबराने काढला. अंधारात एकट्या जागणाऱ्या माणसाचा विचार करणारा हा हुकूम मला फार आवडतो.

युरोपात हायगेन्सने १६५६ साली लंबकाचे घड्याळ केले, आणि दिवसाला पंधरा मिनिटे चुकणारी घड्याळे पंधरा सेकंदांवर आली. तरीसुद्धा लंडनचे बारा लंडनच्या सूर्याचे आणि ब्रिस्टलचे ब्रिस्टलच्या सूर्याचेच राहिले. यंत्र अचूक झाले, शून्य जागच्या जागी होते. ते हलवले आगगाडीने.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याला पहिली गाडी सुटली तेव्हा हा प्रश्न नव्हता, ठाणे ते किती लांब! पण रूळ देशभर पसरले तसे प्रत्येक स्टेशनाचे बारा वेगळे असून भागेना. एकाच रुळावर दोन वेळा म्हणजे अपघाताला आमंत्रण. मद्रासला वेधशाळा होती, आणि मद्रासची वेळ मुंबईच्या सुमारे तीस मिनिटे पुढे व कलकत्त्याच्या सुमारे तेहेतीस मिनिटे मागे, म्हणजे दोन्हींच्या जवळपास मध्ये पडे. रेल्वेने ती धरली. १८८१ साली मुंबईचे गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन, ज्यांच्या नावाचे कॉलेज पुण्यात आहे तेच, यांनी सरकारी कामकाजालाही मद्रासची वेळ लावली. मुंबईकरांनी ती मानली नाही. १८८३ साली सरकारला माघार घ्यावी लागली.

यावरून मुंबईकर घड्याळाच्या विरुद्ध होते असे समजू नये. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिलेला, त्यांच्या आईचे नाव मिरवणारा राजाबाई टॉवर १८७८ साली पुरा झाला होता. असे सांगतात की, राजाबाईंना डोळ्यांनी दिसत नव्हते आणि जैन आचारानुसार सूर्यास्ताआधी जेवायचे असे, त्यासाठी टॉवरच्या घड्याळाच्या ठोक्यांचा उपयोग होई. विलायती घड्याळ, पण त्याचा धनी मुंबईचा सूर्य.

गिरणगावाची कथा याहून कडवट आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांच्या मागण्या मांडल्या. त्यातली एक अशी की, काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला थांबावे. सुरुवात घड्याळाने, शेवट सूर्याने! निदान अंधार पडल्यावर तरी मालकाला साचे थांबवावे लागतील, हा त्यामागचा आधार होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि तो आधारही गेला. कामाचे तास लांबत चालले, आणि भोंगा कधी व्हायचा हे मालकाच्या हाती.

अशा वेळी, १ जानेवारी १९०६ पासून, ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढची प्रमाणवेळ आली. तिची रेषा मिर्झापूरजवळून जाते, ८२.५ अंशांवरून. मुंबई तिच्या पश्चिमेला, म्हणून मुंबईची घड्याळे एकोणचाळीस मिनिटे पुढे सरकवायची. पहाटे उठून गिरणी गाठणाऱ्याला याचा अर्थ एकच दिसला: आणखी एकोणचाळीस मिनिटे लवकर उठा. त्या जानेवारीत हजारो गिरणी कामगारांनी काम नाकारले, गिरण्यांवर दगड पडले. पंधरा हजारांहून अधिक लोकांनी निषेधाच्या अर्जावर सह्या केल्या. महापालिकेत फिरोजशहा मेहतांनी मुंबईच्या वेळेची बाजू लढवली. स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे मुंबईची वेळ या शहरात टिकून होती.

या हट्टाला मागासपणा म्हणणाऱ्यांशी माझे मुळीच जमत नाही. देशाला एक वेळ हवी होती, ती आली हे चांगलेच झाले. एका वेळेशिवाय गाड्या नीट धावल्या नसत्या. पण शून्य हलवताना ज्यांचा दिवस हलणार होता त्यांना कुणी विचारले नव्हते. दगड मारणाऱ्या माणसाला भूगोल कळत नव्हता असे नाही. आपली झोप कुणाच्या खात्यावर जमा होते आहे ते त्याला नेमके कळले होते.

सूर्याचे शून्य मात्र होते तिथेच आहे. पंचांगात सूर्योदय अजून गावागणिक दिलेला असतो. मे महिन्याच्या मध्याला मुंबईत शून्य सावलीचा दिवस येतो. सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्याच पायाशी नाहीशी होते. घड्याळात तेव्हा १२ वाजून ३५ मिनिटे झालेली असतात. (वर्षभरात सूर्य काही मिनिटे पुढेमागे होतो, म्हणून तेव्हा एकोणचाळिसाऐवजी पस्तीस.) पुण्यात तो दिवस एक-दोन दिवस आधी येतो, साधारण १२ वाजून ३१ मिनिटांनी. नागपुरात मेच्या शेवटच्या आठवड्यात, १२ वाजून १० मिनिटांच्या सुमारास. यंदा गच्चीवर एक काठी ओळंब्याने सरळ उभी करा, घरातल्या मुलांना बोलवा आणि तुमच्या गावाचे खरे बारा किती वाजता होतात ते पाहा.