जीर्णोद्धाराची मर्यादा

भग्न वास्तू पाहिली की ती पुन्हा उभी करावी, असे मनाला सहज वाटते. नवे मंदिर बांधण्याहून जुने सावरण्यात अधिक पुण्य, अशी आपल्याकडील श्रद्धाही आहे. परंतु सावरणे कोठे संपते व नवे रचणे कोठे सुरू होते, हा प्रश्न बिदरच्या मदरशासमोर उभे राहिले असता टाळता येत नाही.

बहामनी राज्याचा वजीर महमूद गवान याने १४७२ साली ही वास्तू पुरी केली. मध्ये प्रशस्त चौक, भोवती तीन मजली इमारत, तीत व्याख्यानगृहे, ग्रंथालय, मशीद व विद्यार्थ्यांच्या खोल्या. दर्शनी बाजूस दोन उंच मिनार आणि इराणी धर्तीच्या चकाकत्या रंगीत फरशांची नक्षी. १४८१ मध्ये एका बनावट पत्रावरून गवानचा शिरच्छेद झाला. पुढे मोगल अमलात या विद्यामंदिरात फौजेचा तळ पडला व तोफांची दारू साठविली गेली, असे सांगतात. १६९६ साली स्फोट झाला. दर्शनी भागाचा मोठा हिस्सा व एक मिनार नाहीसा झाला.

ही उणी बाजू पूर्ववत् बांधावी काय? युरोपात हा प्रश्न पूर्वीच उपस्थित झाला आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील खेड्यापाड्यांतील प्राचीन चर्चांचा ‘उद्धार’ करण्याची लाट आली. भिंतींचा जुना गिलावा खरवडला गेला, शतकाशतकांनी घातलेली भर काढून टाकण्यात आली, आणि चर्च मुळात जसे असावे असे उद्धारकांना वाटले, तसे ते घडविण्यात आले. याविरुद्ध विल्यम मॉरिस व त्याच्या सहकाऱ्यांनी १८७७ साली एक संस्था स्थापिली. नित्य निगा राखून पडझड थोपवावी, कल्पनेने जुने निर्माण करू नये, असा तिचा आग्रह होता. आपल्या गोव्यातही १९५० नंतरच्या दशकात बॉम जेझसच्या बासिलिकेचा गिलावा काढला गेला आणि आतला जांभा दगड पावसाला उघडा पडला. हेतू शुद्ध असूनही हानी होते, ती अशी.

यावर कोणी म्हणेल, जेथे आजही प्रार्थना होते तेथे गळके छप्पर तसेच ठेवायचे काय? मुळीच नाही. नांदत्या वास्तूला नांदविणाऱ्यांच्या गरजेप्रमाणे बदलण्याचा अधिकार आहे. तो बदलही तिच्या इतिहासातच जमा होतो. पण बिदरच्या मदरशात आज कोणी अध्ययन करीत नाही. तेथे नवा मिनार उभारला तर तो विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडणार नाही. आपल्या डोळ्यांचे समाधान मात्र होईल.

आणि त्या समाधानाची किंमत मोठी आहे. पडलेली बाजू ही केवळ उणीव नव्हे, ती साक्ष आहे. ज्ञानाच्या घरात दारूगोळा भरला म्हणजे काय होते, हे तिच्याइतके स्पष्ट कोणता शिलालेख सांगेल? ती बुजविली तर गवानचे काम परत येणार नाही. त्याच्यानंतरच्यांची चूक मात्र झाकली जाईल.

म्हणून आम्हांस वाटते, उभे आहे ते जिवापाड जपावे. पाणी मुरू देऊ नये, झाडांची मुळे भिंतीत शिरू देऊ नयेत, उरलेली एकेक फरशी सांभाळावी. जे गेले, त्याची जागा मोकळी ठेवावी. हे काम जीर्णोद्धाराहून कमी पुण्याचे नाही. त्यावर कोणाच्या नावाची पाटी लागत नाही, एवढेच.