उलटा दगड

यंदा पावसाळा सरताच आम्ही घराची डागडुजी काढली. दिवाळी तोंडावर आली म्हणजे प्रत्येक गृहिणीला घरातील पडझड एकाएकी दिसू लागते. आमच्याही घरी तेच झाले. ओसरीची भिंत फुगली होती, जोते एका अंगाने खचले होते, आणि दारापुढची काळ्या दगडाची पायरी इतकी कलली होती, की पावसाचे पाणी थेट घरात शिरे. गवंडी आला. त्याने पायरीखाली सब्बल घातली, दोघा गड्यांनी जोर केला, आणि दगड उलटून अंगणात पडला. क्षणभराने गवंड्याची हाक आली, "गुर्जी, जरा इकडे या जी. ह्या गोट्याच्या पोटात तर फूल निघालं!"

मी जाऊन पाहिले. ज्या दगडावर पाय ठेवून मी लहानाचा मोठा झालो, त्याच्या खालच्या अंगाला अर्धे कमळ कोरलेले होते. पाकळ्यांच्या कडा अशा धारदार, की जणू काल छिन्नी लागली असावी. गवंडी म्हणाला, "फोडून पायव्यात टाकू का? चांगली खडी निघल." तो बिचारा कामाचे बोलत होता. परंतु माझ्या तोंडून शब्द निघेना.

त्याचे कारण सांगायचे तर थोडी स्वतःचीच फजिती सांगावी लागेल. गेली कित्येक वर्षे मी शाळेच्या मुलांना घेऊन चांद्याची सहल काढतो. अचलेश्वराजवळच्या गोंड राजांच्या समाध्या दाखवतो. बीरशहाची समाधी राणी हिराईने बांधली, आणि पतीच्या मागे दत्तक पुत्राच्या नावाने तिने राज्यही सांभाळले, हे सांगतो. तेथे एखाद्या मुलाने खिशातून खडू काढून भिंतीवर आपले नाव लिहिले, तर मी त्याचा कान धरतो. "पूर्वजांनी आपल्यापाशी ठेवलेली ही ठेव आहे," हे वाक्य मी इतक्या वेळा उच्चारले आहे, की मुले माझ्या मागे त्याची नक्कल करतात. आणि असा हा उपदेशक रोज संध्याकाळी घरी येऊन कुठल्या तरी देवळाच्या कमळावर चपला झाडीत होता!

आई ओसरीत गहू निवडत बसली होती. तिला जराही आश्चर्य वाटले नाही. ती म्हणाली, "तुया बापाले ठाऊक होतं. डोंगराखाली पडकं देऊळ होतं, तिथून बंडी जुंपून आणला होता त्यानं. फुलावर कोणाचा पाय पडू नये म्हणून उलटा लावला." मी विचारले, "पण आणलाच कशाला?" तेव्हा तिने सुपातून मान वर केली. "तवा पैसे कुठी होते बाबू? पायरी तर पाह्यजेच होती."

त्या रात्री मला झोप लागली नाही. वडील जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. दुसऱ्याच्या शेतातले पडलेले बोरही उचलू नये, अशी त्यांची शिकवण. अशा माणसाने कमळाचा दगड आणला, आणि तो उलटा बसवला. या उलटेपणाचे दोन अर्थ संभवतात. एक असा, की त्यांना भक्ती होती. देवाच्या फुलाला पाय लागू नये एवढी काळजी त्यांनी घेतली. दुसरा असा, की त्यांना लाज होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला खूण दिसू नये म्हणून त्यांनी दगडाचे तोंड मातीत लपवले. आई पहिला अर्थ सांगते. माझ्या मनात मात्र रात्रभर दोन्ही अर्थ आळीपाळीने येत राहिले. कदाचित दोन्ही खरे असतील. माणूस ज्याला नमस्कार करतो त्याचीच चोरी करताना अधिक जपून हात घालतो.

पण याला चोरी म्हणावे काय? येथे खरा प्रश्न सुरू होतो.

आमच्या मुलखात जुन्या वास्तूंची वाण नाही. चंद्रपूरचा परकोट चार दरवाजे आणि पाच खिडक्यांसह सुमारे अकरा किलोमीटरचा फेर घालून उभा आहे. बल्लारपूरचा किल्ला वर्धेच्या काठी आहे. भद्रावतीला विजासनची बौद्ध लेणी आहेत. वैनगंगेच्या काठी मार्कंडा आहे. तेथील मुख्य देवळावर अठराव्या शतकात वीज कोसळून शिखर ढासळले, तरीही ज्याने ते एकदा पाहिले तो विसरत नाही. आणि आम्हां गडचांदूरकरांना तर माणिकगडाचा डोंगर घरचाच. तो किल्ला नागवंशी माना राजांनी बांधला असे जुनी माणसे सांगतात. यांपैकी अनेक ठिकाणी सरकारी फलक दिसतो. १९५८ सालच्या केंद्राच्या कायद्याने अशा वास्तूला राष्ट्रीय महत्त्वाचे स्मारक म्हटले जाते. महाराष्ट्राने १९६० साली आपला स्वतंत्र कायदा केला. २०१० च्या दुरुस्तीपासून राष्ट्रीय स्मारकाच्या भोवती शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही, आणि नासधूस करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

कायदा चांगलाच आहे. परंतु कायद्याला रेघ ओढावी लागते, आणि रेघ म्हटली की काही आत राहते, काही बाहेर. वडिलांनी जेथून दगड आणला त्या पडक्या देवळावर कसलाही फलक नव्हता. तेथे गुरे बसत, पोरे करवंदे वेचत. सरकारदरबारी ज्याचे नाव नाही, पुजारी ज्याला सोडून गेला, गावाला ज्याचा देवही आठवत नाही, अशा दगडांच्या ढिगाचा मालक कोण? कोणी म्हणेल, ज्याला गरज आहे तो.

हा युक्तिवाद सहज झटकून टाकता येण्याजोगा नाही. देव गेलेल्या देवळाचा दगड माणसांच्या घराला लागला तर काय बिघडले? दगड फुटला नाही, वाया गेला नाही. आधी तो देवाच्या दारात होता, मग माणसाच्या दारात आला. आणि आम्ही गडचांदूरचे लोक तर दगडाच्या बाबतीत कोणाला नावे ठेवण्याच्या योग्यतेचेच नाही. आमच्या भुईत चुनखडी आहे. गेल्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत येथे सिमेंटचे कारखाने आले आणि शेतकऱ्यांची मुले पाळीच्या भोंग्यावर उठू लागली. माझ्या वर्गातील पुष्कळ मुलांची वह्या-पुस्तके त्या दगडाच्या भुकटीवर येतात. डोंगर फोडून आम्ही जेवतो. मग एका कमळासाठी एवढा गहिवर कशाला?

याचे उत्तर शोधताना मला लालपेठच्या मूर्ती आठवल्या. चंद्रपूरच्या त्या भागात उघड्यावर प्रचंड अखंड शिळा कोरून केलेल्या मूर्ती पडून आहेत. त्यांतील दहा तोंडांची दुर्गा पंचवीस फुटांच्या घरात लांब आहे. दहा तोंडे पाहून लोक तिला रावण म्हणू लागले. रायप्पा नावाच्या कोमटी सावकाराला मोठे देऊळ उभारायचे होते, पण ते पुरे होण्याआधीच तो वारला, अशी कथा आहे. देऊळ झाले नाही; मूर्ती तेवढ्या राहिल्या. आता पाहा, यांचा उपयोग काय? पूजेसाठी त्यांची प्रतिष्ठा झाली नाही, निवाऱ्याला त्या येत नाहीत. तरी आज त्या संरक्षित आहेत, आणि ते योग्यच आहे असे आपल्याला आतून वाटते. का? मला वाटते, त्या शिळांपुढे उभे राहिले म्हणजे कोणीतरी आपल्याशी बोलत असल्याचा भास होतो. सावकाराचे नाव तरी कथेत उरले. ज्यांनी छिन्नी धरली त्यांचे तेवढेही उरले नाही. त्यांचे जे काही म्हणणे होते ते त्या दगडावरच आहे. दगड फोडला की ते म्हणणे संपले. डोंगरातली चुनखडी फोडणे आणि कमळ फोडणे यांत फरक आहे तो इथे. डोंगरालाही किंमत आहेच. पण चुनखडीवर कोणी आपल्यासाठी निरोप लिहून ठेवलेला नाही.

म्हणजे वडील दोषी ठरले काय? मी पुष्कळ विचार केला. त्यांना पायरी हवी होती, आणि पैसे नव्हते. त्यांनी दगड फोडला नाही, त्याचे तोंड मातीत सुरक्षित ठेवले. त्या मातीनेच पाकळ्या राखल्या. देवळाच्या ढिगात ऊन-पाऊस सोसत पडला असता, तर कदाचित आज ते कमळ ओळखूही आले नसते. असा विचार करता करता मी जवळजवळ अशा निष्कर्षाला आलो, की वडील हेच खरे पुरातत्त्व खाते! तेव्हा मात्र मला माझेच हसू आले. माणसाला आपल्या बापाची वकिली करताना किती युक्त्या सुचतात!

खरी गोष्ट त्याहून साधी आहे. वडिलांपुढे गरज होती, माझ्यापुढे ती नाही. मला महिन्याला पगार मिळतो, आणि बाजारात घडीव फरशी मिळते. वडिलांची गरज काही मला वारशाने आली नाही. दगड मात्र आला. त्यांनी जे अडचणीत केले, तेच मी सोयीसाठी पुढे चालू ठेवले, तर ती माझी स्वतःची कृती होईल, त्यांची नव्हे. शिवाय काल मला ठाऊक नव्हते, आज आहे. न कळता कमळावर पाय ठेवला, त्याला कोणी पाप म्हणणार नाही. कळल्यावर ठेवला, तर दुसरे काय म्हणणार? मला वाटते, त्या सरकारी फलकाचे खरे काम शिक्षेची धमकी देण्याचे नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो एवढेच सांगतो, की बाबा रे, आता तुला कळले आहे. आणि जेथे फलक नाही तेथे हे सांगण्याचे काम ज्याला ठाऊक आहे त्याच्यावर येऊन पडते.

कळल्यावर माणसे काय करतात याचे एक उदाहरण आमच्याच जिल्ह्यात आहे. चंद्रपूरच्या परकोटावर झाडे-झुडपे माजली होती, बुरुजांवर कचऱ्याचे ढीग होते. १९५८ चा कायदा होताच, पण कायद्याला झाडू मारता येत नाही. २०१७ साली 'इको-प्रो' या संस्थेच्या तरुणांनी रोज सकाळी जाऊन तट साफ करायला सुरुवात केली, आणि शेकडो दिवस ते काम नेटाने चालवले. पाठीवर टोपली घेऊन बुरुज चढणाऱ्या त्या मुलांपैकी कितीजणांच्या अंगी गोंड राजांचे रक्त असेल? पण ठेव सांभाळणाऱ्याला कुळी विचारण्याचे कारण नाही.

आता राहिला शेवटचा प्रश्न: दगड परत करायचा तर कोणाला? मी सायकल काढून डोंगराखाली जाऊन आलो. आई सांगते त्या जागी देऊळ नाही, ढीगही नाही; चार-दोन घडीव तुकडे तेवढे एका बांधात बसलेले दिसले. जागाच उरली नसेल तर दगडाने जावे कोठे? कृष्णेवर नागार्जुनसागर धरण झाले, तेव्हा नागार्जुनकोंड्याचे बौद्ध अवशेष पाण्याखाली जाणार म्हणून विटा-दगड उचलून उंचावर नेऊन पुन्हा मांडले, आणि तेथे संग्रहालय उभे राहिले. जागा सुटली, तरी ते अवशेष मांडणाऱ्यांनी मूळ जागेचे नाव सोडले नाही. हा दगड कोठून आला, कोणी आणला, कसा बसवला, हे सांगितल्याशिवाय तो परत करणे म्हणजे पुन्हा एकदा त्याचे तोंड मातीत घालणे होय. म्हणून मी पुरातत्त्व खात्याला पत्र लिहिले. त्यात वडिलांचे नाव घालावे की नाही यावर माझी लेखणी बराच वेळ अडली. अखेर घातले. आईला वाचून दाखवले, तेव्हा ती म्हणाली, "उलटा लावला होता, तेही लिव." तेही लिहिले.

उत्तर येईपर्यंत दगड अंगणात कडुलिंबाखाली आहे, तोंड वर करून. शाळेची मुले पाहायला येतात. या वेळी मी त्यांना ठेवीचे वाक्य ऐकवले नाही. पायरीची हकीकत सांगितली. एका मुलीने विचारले, "सर, आमच्या विहिरीच्या काठालाही असाच एक गोटा आहे. तो उलटा आहे का, पाहू?" मी म्हटले, "पाहा. पण आधी घरच्यांना विचार, आणि उपटू नकोस."

दाराशी आता नवी फरशी बसली आहे. ती जुन्या पायरीपेक्षा बोटभर उंच झाली. गवंडी म्हणाला, सवय होईल. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी आई हातात पणती घेऊन बाहेर निघाली आणि त्या बोटभर उंचीला ठेच लागून थबकली. पणती पडली नाही. ती क्षणभर पायाकडे पाहत राहिली. मग हळूच खाली उतरून कडुलिंबाकडे गेली.