बाजीच्या निमित्ताने

चि. पोरीस,

तुझे पत्र दोनदा वाचले. तुझ्या कुत्र्याने, बाजीने, सोफ्याच्या उशा फाडल्या, दूधवाल्याच्या अंगावर उडी मारली, फिरवताना पट्टा असा ओढला की तुझा खांदा धरला, हे वाचून काळजी वाटलीच. पण 'कधी कधी हा मला नकोसा होतो आणि मग रात्री रडू येते' या ओळीपाशी जास्त वेळ थांबलो. जनावरांच्या दवाखान्यात माझी सारी नोकरी गेली. तिथे कितीतरी भल्या माणसांच्या तोंडून मी हेच ऐकले आहे. माणूस दमला की त्याला असे वाटते. त्यावरून तुझी माया कमी ठरत नाही.

आधी बाजी कोण आहे ते नीट बघ. मुधोळचा कुत्रा, आपल्या जत भागात त्याला कारवानी म्हणतात. लांब मुस्कट, आत गेलेले पोट, आणि वासापेक्षा नजरेवर सावज धरणारी जात. 2005 साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांवर तिकिटे काढली, त्यांत मुधोळही होता. आमच्याकडे हा कुत्रा मेंढरांबरोबर मैलोन् मैल चालतो, दुपारी बाभळीखाली पाय ताणून झोपतो आणि रात्री वाड्याची राखण करतो. त्याच रक्ताचे जनावर तुझ्याकडे कोथरूडच्या सहाव्या मजल्यावर राहते आहे. मांजर पळाले की तो त्याच्यामागे झेपावणारच. हलत्या वस्तूमागे सुटावे म्हणूनच तर माणसांनी पिढ्यान् पिढ्या ही जात निवडून वाढवली. म्हणून एक गोष्ट आजच पक्की कर: रस्त्यावर किंवा टेकडीवर त्याचा पट्टा सोडायचा नाही. घरात हाकेला कितीही ओ देत असला तरी नाही. त्याची नजर एकदा सावजावर गेली की तुझी हाक त्याच्या कानापर्यंत पोचत नाही, आणि पुण्याच्या रस्त्यावर त्याला दुसरी संधी मिळणार नाही.

शिवाय वयही बघ. बाजी आता नऊ महिन्यांचा, म्हणजे ऐन आडनिड्या वयात. 2020 मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांना असे दिसले की पाच महिन्यांचे असताना मालकाचे ऐकणारी पिल्ले आठ महिन्यांची झाल्यावर त्याच मालकाचे कमी ऐकतात, अनोळखी माणसाचे मात्र ऐकतात. 'मामा, शेजारच्या काकांनी सांगितले की बसतो, मी सांगितले की बघतही नाही' असे तू लिहिलेस ना, ते हेच. हे वय सरते. कुत्री सोडून दिली जातात तीही बऱ्याचदा याच वयात, म्हणून तुला इतक्या कळकळीने लिहितो आहे.

जावईबापूंनी आणलेला तो शिकवणारा म्हणतो, कुत्र्याला उताणा पाडून दाबून धरा म्हणजे मालक कोण ते त्याला कळेल. त्याला नमस्कार करून निरोप द्या. कळपाचा म्होरक्या दरारा दाखवून राज्य करतो, ही कल्पना कोंडून ठेवलेल्या, एकमेकांना अनोळखी लांडग्यांच्या निरीक्षणातून आली. ती ज्यांच्या पुस्तकामुळे जगभर गेली, त्या लांडग्यांच्या अभ्यासक डेव्हिड मीच यांनीच 1999 मध्ये स्पष्ट लिहिले की रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले, एक कुटुंब. बाजीला दाबून धरलेस तर एवढेच होईल की तो तुझ्या हाताला भ्यायला लागेल. मग एक दिवस गुरगुरण्याची सूचनाही न देता चावेल. गुरगुरला म्हणून त्याला कधी मारू नका. 'मला हे सोसत नाही' असे सांगायला त्याच्याजवळ तेवढेच आहे.

आता पट्ट्याचे. तो ओढतो, कारण ओढले की पुढे जाता येते. गेले कित्येक महिने तू त्याच्यामागून फरफटत गेलीस आणि प्रत्येक पावलाने त्याचे म्हणणे खरे ठरले. उद्यापासून पट्टा ताणला की जागेवर उभी राहा. ओरडू नकोस, मागे खेचू नकोस. तो वळून बघेल आणि पट्टा सैल पडेल, त्याच क्षणी 'शाब्बास' म्हण, उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा दे आणि चालू लाग. तुकडा लगेच हातात हवा. पिशवीत शोधत बसलीस तर बक्षीस कशाचे ते त्याला कळणार नाही. पहिले काही दिवस तू सोसायटीच्या फाटकापर्यंतही पोचणार नाहीस. नाही पोचलीस तरी चालेल. फक्त घरातल्या सगळ्यांनी हेच करायला हवे. तू थांबलीस आणि संध्याकाळी जावईबापू फरफटत गेले, तर तो अधिकच जोर लावून ओढायला शिकेल. गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीवर कडी असलेला हार्नेस घे. या जातीची मान डोक्याएवढीच रुंद, साधा पट्टा सहज निसटतो.

पाहुण्यांवर उड्या मारण्याचेही असेच. उडी मारली की माणसे ओरडतात, हात लावतात, त्याच्याकडे बघतात, आणि त्याला तेच हवे असते. पाठ फिरवा, चारही पाय जमिनीवर आले की प्रेमाने बोला. तोवर दार उघडताना त्याला आतल्या खोलीत ठेव. दूधवाल्याने तुमच्या शिकवणीसाठी जोखीम का घ्यावी? रेबीजची लस वेळच्या वेळी टोचून घे. कुणाला दात लागलाच, नुसते खरचटले तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचे.

उशा तो बहुधा कंटाळून फाडत असावा. सकाळचा फेरफटका घाईत उरकू नकोस. त्याला हुंगू दे, एकाच खांबापाशी पाच मिनिटे गेली तरी जाऊ दे. निम्मे जेवण वाटीत न देता जुन्या टॉवेलच्या घडीत लपवून दे, शोधून खाईल. आणि दुपारी त्याला झोपू द्या. मुलांना सांग, झोपलेल्या कुत्र्याला हात लावायचा नाही.

सासूबाई म्हणतात तसे त्याला गॅलरीत बांधून ठेवू नकोस. सतत बांधून ठेवलेल्या कुत्र्याला फिरवायचेच नाही, हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्याने गुन्हा आहे. शिवाय बांधलेला कुत्रा अधिक भुंकतो, अधिक चिडतो. सासूबाईंना भीती वाटते ती मात्र खोटी समजू नकोस. त्यांच्या खोलीच्या दाराला लहान मुलांसाठी लावतात तसले आडवे फाटक लाव.

या आठवड्यात त्याला पशुवैद्याकडे ने. कान, दात, सांधे तपासून घे. दुखणाऱ्या कुत्र्याला कितीही शिकवले तरी पालथ्या घड्यावर पाणी.

एक गोष्ट तुझ्या पत्रातून मला उमगली नाही. उशा तुम्ही घरात असताना फाडतो की सगळे बाहेर गेल्यावर? एकटा पडल्यावर घाबरून फाडत असेल तर इलाज वेगळा करावा लागेल. टेबलावर मोबाईल चालू ठेवून अर्ध्या तासासाठी सगळे खाली जा. दार बंद झाल्यावरची पहिली दहा मिनिटे मला बघायची आहेत. तो व्हिडिओ पाठव, मग रविवारी फोनवर पुढचे ठरवू.

तुझा,
मामा