अनुभवाची पारख

परमार्थात अनुभवाला मोल आहे, हे खरेच. पण अनुभव आला की 'मला आला' हा अभिमानही पाठोपाठ येतो. मग आलेला अनुभव खरा की मनाचा खेळ, हे ओळखावे कसे?

विज्ञानातले एक उदाहरण पाहू. प्रचंड वस्तुमानाची दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली की अवकाशालाच हेलकावा बसतो. या गुरुत्वीय लहरींचे भाकीत आइन्स्टाइन यांनी १९१६ साली केले होते. त्या टिपण्यासाठी अमेरिकेत हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टन येथे 'लायगो'च्या दोन वेधशाळा उभ्या राहिल्या. दोघींमध्ये सुमारे तीन हजार किलोमीटर अंतर. दोघींची साक्ष जुळली तरच संकेत विचारात घ्यायचा.

पण तेवढ्यावर भागवले नाही. २०१० साली मोजक्या जाणत्यांनी गुपचूप एक बनावट संकेत यंत्रात सोडला. बाकीच्यांनी तो कित्येक महिने तपासला, शोधनिबंधही तयार केला. मार्च २०११मध्ये पाकीट उघडले, तेव्हा कळले की ती परीक्षा होती. अशी परीक्षा होऊ शकते, हे त्यांनी आधीच मान्य केलेले होते.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी खरी लहर आली, सुमारे १३० कोटी वर्षांचा प्रवास करून. सूर्याच्या सुमारे ३६ आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे एक झाली होती. तरी पहिला प्रश्न हाच निघाला, की हा संकेत कोणी घातलेला तर नाही? पुरती खात्री पटल्यावरच, ११ फेब्रुवारी २०१६ रोजी, जगाला सांगितले.

गोरोबाकाकांच्या थापटण्याची कथा आपण जाणतोच. सारे संत मुकाट्याने बसले. नामदेवराय रुसले आणि कच्चे ठरले. त्यांचे विठ्ठलावरचे प्रेम का खोटे होते? मुळीच नाही. पारख करून घेण्याची तयारी तेवढी नव्हती. ती तयारी होताच ते औंढ्या नागनाथला विसोबा खेचरांकडे गेले आणि पक्के झाले. योग असा, की लायगोची भारतातील वेधशाळाही त्याच औंढ्याच्या परिसरात व्हायची आहे.

विठ्ठल यंत्राने मोजता येत नाही, हे सांगायला नको. पण खरे असते ते तपासल्याने उणे होत नाही. उणा होतो तो आपला अभिमान. म्हणून ज्याच्या थापटण्यापुढे आपण डोके वाकवू, असा एक तरी जाणता संतसंगतीत आपल्याजवळ असावा.